जादा हायड्रोलिक व्हॉल्व्ह बसवल्यापासून लिफ्ट वजन उचलत नाही आणि तेल तापते : जुन्या ट्रॅक्टरवरील वारंवार येणाऱ्या तक्रारीचे निवारण

जुन्या ट्रॅक्टरला हायड्रोलिक पलटी नांगर जोडायचा म्हटला की जादा व्हॉल्व्ह बसवणे आलेच, कारण जुन्या मॉडेलांवर मुळात थ्री पॉइंटची लिफ्ट (अवजार तीन जागी जोडून उचलणारे मागचे हात) आणि फार तर ट्रॉलीच्या जॅकसाठी एक टिपिंग पाइप, एवढीच सोय असे. पलटी नांगराच्या जॅकला, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या सिलिंडरला, दोन्ही बाजूंनी तेल द्यावे लागते. त्यासाठी दोन पाइप आणि तेलाची दिशा बदलणारा डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह, म्हणजे बाजारात ज्याला डीसीव्ही म्हणतात तो, लागतो. व्हॉल्व्ह बसतो, अंगणात नांगर दोन-चार वेळा पलटी होतो आणि काम झाले असे सर्वांना वाटते. पुढे एप्रिल-मे महिन्यात काळ्या जमिनीत खोल नांगरट सुरू झाली की दुपारपर्यंत लिफ्ट मंदावते, पाइपांना हात लावता येत नाही इतके तेल तापते, लिव्हरच्या बुडाशी तेल झिरपू लागते आणि शेवटी नांगर वर उचललाच जात नाही. मग पंप गेला असे निदान होते, नवा पंप येतो, आणि काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

ही तक्रार परत परत येण्याचे कारण पंपात फार क्वचित असते. ते बहुतेक वेळा जोडणीत असते, आणि तेही एकाच प्रश्नाचे उत्तर जोडणीच्या वेळी शोधले गेले नाही म्हणून: नव्या व्हॉल्व्हचा लिव्हर मध्यावर असताना पंपाचे तेल कोणत्या वाटेने लिफ्टकडे जाते आणि कोणत्या वाटेने टाकीत परत येते? हा प्रश्न सुटल्याशिवाय पंप, सील किंवा तेल बदलणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

तेलाची वाट आधी समजून घ्यावी

भारतात विकल्या गेलेल्या जुन्या ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच ट्रॅक्टरांवर गिअर पंप आहे आणि त्याची पद्धत ओपन सेंटर प्रकारची आहे. इंजिन चालू आहे तोवर हा पंप सतत तेल ढकलत राहतो. लिफ्टचा लिव्हर स्थिर असेल तेव्हा हे तेल लिफ्टच्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून जवळजवळ बिनदाबाचे फिरून टाकीत पडते आणि लिव्हर वर केला की तेच तेल लिफ्टच्या सिलिंडरकडे वळते. जादा व्हॉल्व्ह बसवायचा तो पंप आणि लिफ्ट यांच्या मधल्या दाबाच्या पाइपवर. पंपाचे तेल आधी नव्या व्हॉल्व्हमध्ये येईल, तिथे लिव्हर मध्यावर असेल तर सरळ पार होऊन लिफ्टकडे जाईल, आणि लिव्हर ओढला तर नांगराच्या जॅककडे वळेल, अशी ही मांडणी असते.

आता खरी अडचण येते. साध्या मोनोब्लॉक, म्हणजे एकाच ओतीव अंगाच्या, व्हॉल्व्हला पंपाकडून तेल येण्याचे एक तोंड असते, ज्यावर पी कोरलेले असते, आणि टाकीकडे जाण्याचे एक तोंड असते, ज्यावर टी कोरलेले असते. बाकीची ए आणि बी ही तोंडे जॅकची. दुकानातून आलेला व्हॉल्व्ह तसाच बसवताना फिटर पी ला पंप जोडतो आणि टी मधून निघणारा पाइप थेट लिफ्टला जोडून देतो. तेल लिफ्टपर्यंत पोहोचते, लिफ्ट चालते, म्हणून जोडणी बरोबर वाटते. पण लिफ्ट वजन उचलू लागली की लिफ्टला लागणारा सगळा दाब, मग तो 120 बार असो की 160 बार (बार हे दाबाचे एकक), त्या टी च्या तोंडातून व्हॉल्व्हच्या पोटात उलटा उभा राहतो. हे तोंड आणि त्याच्या आतील पोकळी टाकीच्या किरकोळ दाबासाठी बनवलेली असते. अशा व्हॉल्व्हांचा टी बाजूचा सहनदाब साधारण 25 ते 50 बार एवढाच दिलेला असतो. शिवाय स्पूलच्या, म्हणजे लिव्हरने आत सरकून तेलाची दिशा बदलणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांची सील याच पोकळीला लागून असल्यामुळे पहिला फटका त्यांना बसतो.

लिव्हरच्या बुडाशी असलेल्या रबरी टोपीखाली तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर बसलेली काळी धूळ दिसली, तर पहिला संशय याच जोडणीचा घ्यावा. माझ्या पाहण्यातल्या एका 35 एचपी ट्रॅक्टरवर स्पूलच्या ओ-रिंगा (सीलच्या रबरी कड्या) दर काही आठवड्यांनी बदलल्या जात होत्या. काढलेली ओ-रिंग हातात घेतल्यावर तिची एक कड पातळ जिभेसारखी बाहेर ओढलेली दिसत होती, म्हणजे ती झिजली नव्हती तर दाबाने फटीत घुसली होती. पाइपचा माग काढल्यावर टी चे तोंड सरळ लिफ्टला जोडलेले निघाले आणि टाकीकडे जाणारा स्वतंत्र पाइप मुळात नव्हताच.

यावरचा उपाय म्हणजे पॉवर बियॉन्डची सोय असलेला व्हॉल्व्ह. काही दुकानदार याला कॅरी ओव्हर असेही म्हणतात. व्हॉल्व्हच्या शेवटच्या टोकाचा प्लग काढून तिथे एक स्लीव्ह (पोकळ बुशसारखा तुकडा) बसवतात. तिच्यामुळे लिफ्टकडे जाणारी दाबाची वाट आणि टाकीकडे जाणारी परतीची वाट एकमेकींपासून वेगळ्या होतात. मग व्हॉल्व्हला जॅकच्या तोंडांखेरीज तीन पाइप लागतात: पी ला पंपाकडून, पॉवर बियॉन्डच्या तोंडातून लिफ्टकडे, आणि टी मधून थेट टाकीकडे. ओतीव अंगावर या तिसऱ्या तोंडाला एन, सी किंवा पीबी असे अक्षर असू शकते. स्लीव्ह त्याच बनावटीच्या व्हॉल्व्हची हवी. आटे जुळतात म्हणून दुसऱ्याची स्लीव्ह घातली तर तिचे टोक आतील जागेवर नीट टेकत नाही आणि दोन्ही वाटा आतल्या आत मिळालेल्या राहतात.

स्लीव्ह बसवल्यानंतरही दोन चुका वरचेवर होतात. एकीत टी चे तोंड प्लग लावून बंद केले जाते, कारण तेल आता पॉवर बियॉन्डमधून जात आहे असा समज असतो. अशा वेळी जॅकमधून परत येणाऱ्या तेलाला जायला जागाच नसते, त्यामुळे जॅक हलत नाही, आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तेल सोडणारा) उघडला तरी ते तेल बाहेर पडत नसल्याने अंग तडकण्याचा किंवा पंपाचे सील फुटण्याचा धोका असतो. दुसरीत टी चा पाइप टाकीपर्यंत नेण्याचा त्रास वाचवण्यासाठी तो तीन तोंडांच्या टी-जोडाने पॉवर बियॉन्डच्याच पाइपला मिळवला जातो. म्हणजे स्लीव्ह घालून वेगळ्या केलेल्या वाटा बाहेरून पुन्हा एक होतात आणि मूळ दोष जसाच्या तसा परत येतो.

गेज लावल्याशिवाय निदान करू नये

0 ते 250 किंवा 0 ते 400 बारचे ग्लिसरीन भरलेले प्रेशर गेज आणि एक टी-जोड, एवढ्या सामानात हा दोष जागेवर धरता येतो. गेज नव्या व्हॉल्व्हच्या पी च्या तोंडापाशी लावावे. अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून आणि दोन्ही लिव्हर पुढे-मागे हलवून पाइपातील दाब सोडल्यानंतरच जोड उघडावा. गळती शोधण्यासाठी दाबाखालच्या पाइपवरून हात फिरवण्याची सवय फार घातक आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारे तेल कातडीतून आत घुसते, जखम बाहेरून टोचल्यासारखी लहान दिसते, आणि तरीही तिच्यावर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने पाहावी.

तेल कामाच्या तापमानाला आले की इंजिन नांगरटीच्या वेगावर ठेवून दोन्ही लिव्हर मध्यावर ठेवावेत आणि गेज वाचावे. काटा 10 बारच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर तेलाची वाट मोकळी आहे. तो 25-30 बारवर उभा राहत असेल तर पुढे कुठेतरी अडथळा आहे: लहान व्यासाचा पाइप, मुरगळलेला होज (लवचीक पाइप), किंवा अर्धवट बसलेली स्लीव्ह. काटा थेट रिलीफच्या दाबावर असेल तर मध्यावरची तेलाची वाट कुठेतरी पूर्ण बंद आहे. असे बहुधा दोन प्रकारे होते. एक तर चुकीचा, म्हणजे मध्यावर पंपाचे तेल अडवणारा क्लोज्ड सेंटरचा प्लग किंवा स्पूल बसवलेला असतो. नाही तर लिफ्टचे हात पूर्ण वर जाऊनही तिचा लिंकेज जुळवलेला नसल्यामुळे लिफ्टचा स्वतःचा व्हॉल्व्ह मध्यावर येत नाही. दुसऱ्या प्रकारात लिफ्टचा लिव्हर बोटभर खाली आणताच काटा धाडकन खाली येतो, त्यावरून तो ओळखता येतो, आणि त्यात नव्या व्हॉल्व्हचा काही दोष नसतो.

यानंतर लिफ्टला जड अवजार लावून लिफ्टचा लिव्हर वर करावा. इथे या तक्रारीचे वारंवार आढळणारे आणखी एक कारण सापडते. नव्या व्हॉल्व्हमध्ये स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो आणि तो पंपाच्या सर्वात जवळ आल्यामुळे आता लिफ्टलाही त्याच्याच मर्यादेत काम करावे लागते. ट्रॅक्टरचा मूळ रिलीफ समजा 175 बारचा आहे आणि दुकानातून आलेल्या व्हॉल्व्हचा रिलीफ 120 बारवर बांधलेला आहे, तर लिफ्टला 120 बारच्या वर दाब कधीच मिळणार नाही. हलका कल्टिव्हेटर उचलला जाईल आणि मातीने भरलेला पलटी नांगर अर्ध्यावर अडेल. गेजचा काटा 120 वर थबकतो आणि त्याच वेळी व्हॉल्व्हमधून सुस्कारल्यासारखा आवाज येतो. पंप बदलून यात काडीचा फरक पडत नाही. रिलीफची टोपी काढून, लॉक नट सैल करून, स्क्रू पाव फेरा आत घ्यावा, पुन्हा गेज पाहावे, आणि ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापर्यंत हळूहळू यावे. त्याच्या वर एक बारही जाऊ नये, कारण नव्या व्हॉल्व्हचा लिव्हर पूर्ण ओढलेला असताना लिफ्टकडची वाट बंद असते आणि पंपाला वाचवणारा तोच एक रिलीफ उरतो. मॅन्युअलमध्ये दाब पीएसआयमध्ये असेल तर त्याला 14.5 ने भागले की बार मिळतात. 2500 पीएसआय म्हणजे सुमारे 172 बार.

गेजवर दाब बरोबर दिसतो पण लिफ्ट गरम झाल्यावर मंदावते, अशा वेळी बादलीची चाचणी करावी. टी चा पाइप टाकीकडील टोकाला सोडवून स्वच्छ बादलीत धरावा आणि टाकीचे उघडे तोंड बंद करावे. नव्या व्हॉल्व्हच्या लिव्हरला हात न लावता लिफ्टने वजन उचलावे. पॉवर बियॉन्ड नीट काम करत असेल तर बादलीत थेंबाथेंबाने तेल येईल. करंगळीएवढी धार आली आणि गेज रिलीफच्या दाबाखाली असेल, तर बहुधा स्लीव्हवरची ओ-रिंग बसवताना कापली गेली आहे असे समजावे. ही ओ-रिंग काही रुपयांची असते आणि आट्यांच्या धारदार कडेवरून कोरडीच सरकवल्यामुळे कापली जाते. बसवण्यापूर्वी तिला तेल लावावे आणि आतील कडेची धार पॉलिश पेपरने मोडावी.

तरीही पंपाचा संशय राहिलाच तर शेवटची परीक्षा सोपी आहे. पी चा पाइप आणि पॉवर बियॉन्डचा पाइप नव्या व्हॉल्व्हवरून काढून, दाबाला टिकणाऱ्या जोडणीने एकमेकांना थेट जोडावेत, म्हणजे ट्रॅक्टर मूळ स्थितीत येतो. आता लिफ्ट पूर्वीसारखी चालली तर पंप निर्दोष आहे. आताही ती मंद असेल तर मात्र पंप, सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) जाळी किंवा लिफ्टचे पिस्टन सील यांकडे वळावे. नवा पंप विकत घेण्याआधी ही परीक्षा व्हायलाच हवी, आणि ती न करता पंप बदलायला सांगणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे.

तेल का तापते

दाबाखालचे तेल काम न करता टाकीत सुटले की त्याची सगळी शक्ती उष्णतेत जाते. हिशेब सोपा आहे: बारमधील दाबाला मिनिटाला वाहणाऱ्या लिटरांनी गुणून 600 ने भागले की किलोवॅट मिळतात. 175 बार आणि मिनिटाला 25 लिटर धरले तर ते 7 किलोवॅटच्या वर जाते. लिव्हर ओढून धरल्यामुळे रिलीफ एक मिनिट उघडा राहिला, तर 20 लिटर तेल तेवढ्यात सुमारे 13 अंशांनी तापते. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात हवाच 40 अंशांच्या वर असते, त्यामुळे अशी काही मिनिटे दिवसभरात विखरून आली तरी तेल सहज 80 अंश ओलांडते, पातळ होते, पंपाच्या आतली गळती वाढते आणि सील कडक होऊ लागतात. सकाळी कारखान्याच्या सावलीत घेतलेली चाचणी पास होऊन दुपारी शेतात ट्रॅक्टर अडतो तो यामुळेच. म्हणून चाचणी गरम तेलावर घ्यावी.

रिलीफ उघडा राहण्याची दोन कारणे चालवण्याशी संबंधित आहेत. नांगर पलटी झाल्यावरही चालक लिव्हर दाबून धरतो, किंवा लिव्हरची सळई मडगार्डला अथवा सीटच्या पट्टीला घासत असल्यामुळे लिव्हर मध्यावर पूर्ण परत येत नाही. दुसरे कारण पाहण्यासाठी सळईची पिन काढून स्पूल हाताने ढकलून पाहावा. तो स्प्रिंगने झटकन मध्यावर आला तर दोष सळईत आहे. पिन काढूनही स्पूल जड चालत असेल तर व्हॉल्व्ह ज्या पट्टीवर बसवला आहे तिचे बोल्ट सैल करून पुन्हा पाहावे. वेल्डिंगने वाकलेल्या पट्टीवर बोल्ट कसून आवळले की ओतीव अंग केसभर पिळते आणि तेवढ्यानेच स्पूल धरला जातो. बोल्ट सैल होताच स्पूल मोकळा झाला तर पट्टी घासून सपाट करावी किंवा बोल्टाखाली योग्य जाडीचे वायसर घालावेत. हे कारण फार कमी जणांच्या लक्षात येते.

परतीचा पाइप कुठे सोडला आहे

टी चा पाइप टाकीत कुठे आणि कसा उतरतो याकडे दुर्लक्ष होते, आणि फेसाळलेल्या तेलाच्या बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात. सर्वात सोयीची जागा म्हणून तो तेल भरायच्या बुचात सोडला जातो. वरून पडणारी धार तेलात हवा कालवते, पंप ती हवा ओढतो, आवाज किरकिरा होतो आणि जॅक धक्के देत चालतो. परतीचे तेल तेलाच्या पातळीखाली सुटेल आणि पंपाच्या सक्शनपासून दूर पडेल अशी जागा निवडावी.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही ट्रॅक्टरांवर गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक यांची तेले वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पंप एका कप्प्यातून तेल घेतो आणि नवा परतीचा पाइप दुसऱ्या कप्प्यात सोडला गेला, तर जॅकच्या प्रत्येक हालचालीबरोबर थोडे थोडे तेल इकडून तिकडे जात राहते. हायड्रोलिकचे तेल कमी होते म्हणून मालक वरून भरतो, गिअरबॉक्स गळ्यापर्यंत भरतो आणि शेवटी मागच्या अ‍ॅक्सलच्या सीलमधून तेल ब्रेककडे येते. हायड्रोलिक तेल सतत कमी होते आहे पण बाहेर गळती कुठेच दिसत नाही, असे असेल तर गिअरबॉक्सची डिपस्टिक आधी पाहावी.

परतीच्या पाइपचा व्यासही महत्त्वाचा आहे. मिनिटाला 25 लिटर तेल अर्ध्या इंची होजमधून सेकंदाला सुमारे 3.3 मीटर वेगाने जाते आणि पाऊण इंचीतून सुमारे दीड मीटर. दाबाच्या बाजूला अर्धा इंच पुरेसा आहे; परतीला पाऊण इंच घ्यावा. दाबाचा होज तारेच्या दोन जाळ्यांचा असावा: अर्ध्या इंची दोन जाळ्यांच्या होजचा कामाचा दाब 275 बार असतो, एका जाळीच्या होजचा 160 बार. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून होजवरचा छाप वाचूनच घ्यावा.

आट्यांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. अर्ध्या इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या दोन्ही आट्यांची घनता इंचाला 14 आहे, त्यामुळे एकाचे फिटिंग दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जाते. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश आणि दुसऱ्याचा 60 अंश असल्याने ते कधीच घट्ट बसत नाही. गळती थांबवायला टेप गुंडाळून पाना जोराने मारला की ओतीव तोंड तडकते आणि टेपचे धागे आत जाऊन स्पूलमध्ये अडकतात. समांतर बीएसपी आट्याला बॉन्डेड वायसर (आत रबर चिकटवलेला धातूचा वायसर) लावावा. तिथे टेपचे काम नाही.

नांगर एकाच बाजूला वळतो, किंवा अर्ध्यात थांबतो

ही तक्रार आली की व्हॉल्व्ह खोलण्याआधी कपलर पाहावेत. क्विक कपलरच्या आतील गोळी अर्धवट उघडलेली असली तर तेल एका दिशेने जाते आणि उलट दिशेने आले की गोळी बंद होते. जॅक बाहेर येतो पण आत जात नाही. दोन्ही कपलर आपसात बदलून जोडावेत; दोष दुसऱ्या दिशेला सरकला तर कपलर बदलावा. नांगर उन्हात ठेवलेला असताना त्याच्या होजमध्ये अडकलेले तेल फुगून दाब धरते आणि त्यामुळेही कपलर पूर्ण आत जात नाही. म्हणून नांगर सोडताना इंजिन बंद करून लिव्हर हलवावा आणि मगच कपलर काढावा.

अनेक पलटी नांगरांत जॅक आधी आत ओढला जाऊन नांगर मध्यावर उभा राहतो आणि मग बाहेर येऊन पलीकडच्या बाजूला झुकतो. मध्यावर येताना लिव्हर लवकर सोडला, किंवा इंजिनचा वेग फार कमी असला, तर नांगर तिथेच थांबतो. नांगर वळत असताना लिफ्ट हलत नाही ही गोष्टही पुष्कळांना दोष वाटते. मालिकेतील जोडणीत नव्या व्हॉल्व्हचा लिव्हर ओढलेला असेपर्यंत लिफ्टकडे तेल जातच नाही, तेव्हा आधी नांगर पूर्ण उचलावा आणि मगच पलटी करावा.

नांगर वळवून ठेवला तरी आपोआप सुटून खाली येत असेल तर स्पूलचा प्रकार विचारावा. हायड्रोलिक मोटरसाठीचा स्पूल मध्यावर असताना ए आणि बी दोन्ही तोंडे टाकीला उघडतो. जॅकसाठी तो चालत नाही. लिव्हर ओढताच जड भार क्षणभर खाली जाऊन मग वर येत असेल तर व्हॉल्व्हमधील चेक पॉपेटखाली (तेल उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेखाली) कचरा बसलेला असतो, तो काढून धुतल्याने दोष जातो.

टिपिंगच्या पाइपवर डीसीव्ही जोडण्याचा मार्ग काही ठिकाणी अवलंबला जातो. त्यात लिफ्ट वर करून आयसोलेटर (लिफ्टकडचे तेल तोडणारा कॉक) बंद करावा लागतो आणि मगच नांगर वळवता येतो; आयसोलेटर थोडा जरी गळत असला तरी डीसीव्ही मध्यावर येताच लिफ्ट खाली बसू लागते. वर्षातून चार दिवस काम असेल तर हे चालेल, रोजच्या भाड्याच्या नांगरटीला हा मार्ग मी सुचवणार नाही.

फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांना वेगळा नियम

मॅसी फर्ग्युसन 35, 135 आणि त्याच घराण्यातील 1035 यांना वर सांगितलेली मांडणी जशीच्या तशी लागू पडत नाही. यांचा चार सिलिंडरांचा पिस्टन पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडलेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे अवजारांना फिरती शक्ती देणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. त्याचे नियंत्रण दाबाच्या बाजूला नसून सक्शनच्या बाजूला आहे: लिफ्ट स्थिर असताना पंप फिरतो पण तेल घेतच नाही. म्हणजे लिफ्टच्या झाकणावरून तेल काढून तिथे ओपन सेंटर व्हॉल्व्ह लावला, तर लिव्हर मध्यावर असताना पंपाने दिलेले सगळे तेल त्या उघड्या वाटेने टाकीत जाते आणि लिफ्ट उचलली जात नाही. 135 च्या क्वाड्रंटवर (लिफ्टचे लिव्हर ज्यावर सरकतात त्या पट्टीवर) सतत तेल देण्यासाठी कॉन्स्टंट पम्पिंग अशी जागा दिलेली आहे. बाहेरच्या जॅकला तेल हवे तेव्हा पोझिशनचा लिव्हर तिथे न्यावा लागतो आणि काम झाले की मागे आणावा लागतो.

याच ट्रॅक्टरांवर आणखी एक फसवी तक्रार येते: नांगरटीच्या तासाच्या टोकाला नांगर अर्धा वळून थांबतो. पंप पीटीओच्या शाफ्टवर असल्यामुळे सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबताच पंपही थांबतो, आणि ड्युअल क्लचवर पेडल पूर्ण दाबले तर तेच होते. व्हॉल्व्ह खोलण्याआधी चालकाचा पाय कुठे आहे ते पाहावे. सिंगल क्लचवर गिअर न्यूट्रल करून, क्लच सोडून नांगर वळवावा. ड्युअल क्लचवर पेडल पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबावे.

या घराण्यातील ट्रॅक्टरवर पलटी नांगर नियमित चालवायचा असेल तर इंजिनवरून चालणारा स्वतंत्र गिअर पंप, स्वतंत्र टाकी, परतीवर फिल्टर आणि साधा डीसीव्ही, असे वेगळे मंडल करणे मला सर्वात योग्य वाटते. त्यात पॉवर बियॉन्डची गरजच उरत नाही, टी सरळ टाकीला जातो, क्लच दाबला तरी नांगर वळतो, आणि मागच्या हाउसिंगमधील जुने तेल व लोखंडाचा कीस नव्या व्हॉल्व्हमध्ये येत नाही.

दुरुस्ती कोणत्याही प्रकारची केलेली असो, पहिल्या दिवसाच्या नांगरटीनंतर सर्व जोड पुन्हा आवळावेत, जॅक पूर्ण बाहेर असतानाही तेलाची पातळी सक्शनच्या वर राहते का ते पाहावे आणि फिल्टर काढून त्यात काय अडकले आहे ते तपासावे. नांगर किंवा ट्रॉली गावात एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर जात असेल तर प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या जॅकमधील तेल आणि कपलरवरची माती आपल्या टाकीत येते. जोडण्याआधी कपलर डिझेलने धुऊन, स्वच्छ फडक्याने पुसून, मगच लावावेत आणि सुटे असताना त्यांवर टोप्या असाव्यात.